राहून गेलेला प्रश्न

पाचवा प्रश्न पुस्तकात राहून गेला होता. रविवारी सकाळी ताई गच्चीवरून वाळलेले कपडे घेऊन खाली आली, तर पुतणी जेवणाच्या टेबलाशी इतिहासाचं पुस्तक उघडून, पेनाचं टोपण चावत बसलेली. "आत्या, हे बघ ना जरा. अकराव्या धड्याचा पाचवा प्रश्न. याचं उत्तरच नाहीये धड्यात. दोनदा वाचला मी." ताईनं सवयीनं म्हटलं, "नीट बघ, असेल. असं कसं नसेल?" आणि म्हणता म्हणताच तिला कळलं, की नाहीये. पुस्तक बघायची गरजच नव्हती. ते पुस्तक तिनंच केलेलं. पानापानावरची रेघ न् रेघ तिच्या हाताखालून गेलेली. तरी तिनं कपड्यांचा ढीग खुर्चीवर टाकला, चष्मा डोक्यावरून नाकावर ओढला आणि वाचलं. 'जुन्या पुलावर घडलेल्या घटनेची माहिती लिहा.' गुण चार. पुतणीनं आवाज खाली आणून विचारलं, "हा काकाचाच पूल ना गं?" आतल्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. आत आई पलंगावर बसून मटार सोलत होती. आईची नजर गेली त्याला सहा वर्षं झाली होती, पण कान असे तिखट की जिन्यात कोण आलं ते चपलेवरून सांगायची. शेंगा फुटण्याचा आवाज येत होता. तो मध्येच थांबला की काय, असं ताईला वाटलं. मग पुन्हा सुरू झाला. "सोड तो प्रश्न," ताई म्हणाली. "उद्या तुमच्या बाईंना विचार." आणि कपडे उचलून ती आपल्या खोलीत गेली, दार लावलं आणि एका टॉवेलची पाच वेळा घडी घातली.

तीस वर्षं झाली तिला पाठ्यपुस्तकांच्या कार्यालयात. कुणीही नवीन माणूस इतिहासाच्या टेबलावर आला की ताई त्याला पहिल्याच दिवशी सांगायची, "मजकुराला हात लावलास की आधी स्वाध्याय बघायचा. धड्यातली ओळ गेली की तिच्यावरचा प्रश्न जायला हवा. नाहीतर लाखभर पोरं नसलेलं उत्तर शोधत बसतील." धड्याची फाइल वेगळी असायची, स्वाध्यायाची वेगळी. दोन्ही वेगवेगळ्या माणसांकडून यायच्या. त्यामुळे ही चूक व्हायला सोपी, आणि म्हणूनच ती होऊ नये म्हणून ताई डोळ्यांत तेल घालून बसायची. एका वर्षी भूगोलवाल्यांकडून अशीच चूक झाली होती. एक तलाव गाळला आणि त्याची खोली विचारणारा प्रश्न ठेवला. कार्यालय आठवडाभर हसत होतं. ताई सगळ्यांत जास्त हसली होती. आता तिच्याच हातून, आणि कुठल्या धड्यात, तर या. तिला कुणीतरी फाडकन तोंडात मारल्यासारखं वाटत होतं.

त्या धड्यातला तो पुलाचा परिच्छेद मुळात तिनंच घातलेला. बावीस वर्षांपूर्वी. तेव्हा समितीत नुसती जुंपली होती. एका बाजूचे प्राध्यापक म्हणायचे, पुलावर मेले ते हुतात्मे होते, तसंच छापा. दुसऱ्या बाजूचे म्हणायचे, दंगेखोर होते, नाहीतर काहीच छापू नका. तीन बैठका झाल्या. चहाच्या कपबशा आदळल्या, एकानं राजीनामा खिशातून काढून टेबलावर ठेवला आणि जेवायच्या सुट्टीत परत खिशात घातला. ताई कोपऱ्यात इतिवृत्त लिहीत बसली होती. तिचा भाऊ त्या पुलावर गेला, हे त्या खोलीत कुणालाच ठाऊक नव्हतं. तिनं ते कधी कुणाला सांगितलंच नव्हतं. तिसऱ्या बैठकीत सगळे दमले तेव्हा तिनं हळूच विचारलं, "नुसतं 'माणसे' लिहिलं तर?" दोन्ही बाजूंनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू खिडकी बोलली. पण चाललं. 'पोलिसांच्या गोळीबारात एकोणीस माणसे मृत्युमुखी पडली.' त्या रात्री ताई घरी आली ती अंगात वारं भरल्यासारखी. आईला तेव्हा चांगलं दिसायचं. ताईनं तिला समोर बसवून म्हटलं, "आई, आपला दादा पुस्तकात आला." आईनं पुस्तक छापून आल्यावर ती ओळ बोट ठेवून वाचली. एकदा, दोनदा. मग विचारलं, "नाव?" ताई म्हणाली, "नावं नसतात गं घालत. पण एकोणिसात तो आहे ना." आई म्हणाली, "हो, एकोणिसात आहे." आणि ती प्रत उशाखाली गेली.

दादा ना मोर्चातला, ना घोषणावाला. राजकारण म्हटलं की जांभई द्यायचा. बावीस वर्षांचा, एका चष्म्याच्या दुकानात काचा घासायला होता. बोटं कायम पांढरट असायची. त्या दिवशी पुलापलीकडे का गेला होता, हे घरात कधी बोललं गेलं नाही. 'गेला होता काहीतरी कामाला' एवढंच. ताई तेव्हा सोळा वर्षांची, धाकटा भाऊ सहाचा. बाबा दादाला ओळखायला गेले होते आणि परत आल्यावर त्यांनी हात धुतले. बराच वेळ धुतले. पाण्याचा तो आवाज ताईच्या कानात बसलाय. दादाचा चेहरा मात्र आता नीट आठवत नाही. आठवायला जावं तर भिंतीवरचा फोटोच आठवतो, आणि फोटोत तो अजिबात तसा दिसत नाही. हसताना त्याचा एक डोळा बारीक व्हायचा. कुठला? डावा असावा. हे आईला विचारावं असं तिला कितीदा तरी वाटलं आणि प्रत्येक वेळी धीर झाला नाही. बहिणीला एवढंसुद्धा आठवू नये, याची लाज वाटायची.

पुस्तक दर काही वर्षांनी बदलायचं. सरकार बदललं की समिती बदलायची, समिती बदलली की पहिल्यांदा सगळे तो अकरावा धडा उघडायचे. पहिल्या वेळी 'पोलिसांच्या' हा शब्द गेला. ताईला कार्यालयाच्या प्रमुखांनी बोलावून सांगितलं तेव्हा तिचा जीव तळमळला होता. ती भांडली, खरंच भांडली. मग तिला वाटलं, मी नाही म्हटलं तर फाइल दुसऱ्या टेबलावर जाईल आणि तो दुसरा सगळा परिच्छेदच उडवेल. त्यापेक्षा आपल्या हातानं एक शब्द गेलेला बरा. बाकीचं तर वाचेल. तिनं तो शब्द काढला, आणि दादा वाचला असं तिला वाटलं. दुसऱ्या वेळी 'एकोणीस'च्या जागी 'काही' आलं. तेव्हाही ती म्हणाली, असू दे, निदान 'माणसे' आहेत. त्या वेळी भांडली नाही, नुसती जेवली नाही दोन दिवस. तिसऱ्या वेळी, म्हणजे गेल्या वर्षी, सगळाच परिच्छेद काढायचा निरोप आला. फोनवर. प्रमुख म्हणाले, "ताई, सात ओळी आहेत, पण पान हलता कामा नये. पुढच्या पानांचे फर्मे छापून झालेत." आणि ताईनं विचारलं काय, तर, "त्या जागी चित्र मोठं केलं तर चालेल?" हे आठवलं की तिचं मन आजही आक्रसतं. शेजारी जुन्या पाण्याच्या टाकीचं चित्र होतं. ते तिनं दोन सेंटिमीटरनं वाढवलं, खाली दोन ओळींची माहिती घातली, आणि पान असं चपखल बसलं की तिला, देवाशपथ, समाधान वाटलं होतं. चहा मागवला होता तिनं. त्या दिवशी तिच्या मनात दादा नव्हताच. सात ओळी होत्या, नि त्या भरून निघाल्या होत्या.

आईला यातलं काही सांगितलं नव्हतं. आईचे डोळे तोपर्यंत गेले होते. आई तिच्या परीनं हिशोब धरून बसली होती, की नात आठवीत जाईल, तिला तो धडा येईल, ती मोठ्यानं वाचेल आणि आपण ऐकू. नात पाचवीत असल्यापासून आई म्हणायची, "तीन वर्षं राहिली," मग "दोन राहिली." जूनमध्ये पुस्तकं आली तेव्हापासून ताईचा जीव टांगणीला लागला होता. आई विचारायची, "आला का गं तिचा तो धडा?" ताई म्हणायची, "दुसऱ्या सत्रात आहे, आई. वेळ आहे अजून." मग आई विचारेनाशी झाली, तेव्हा ताईला हायसंच वाटलं. म्हातारं माणूस, विसरलं असेल. विसरू दे बापडी. इतकं निर्दय आपण मनातल्या मनात म्हणू शकतो, हे तिला त्या रविवारी टॉवेलच्या घड्या घालताना पहिल्यांदा कळलं.

सोमवारी कार्यालयात पाऊल ठेवलं तर बातमी तिच्या आधी पोचलेली. दोन शाळांतून पत्रं आली होती, एका शिक्षकानं फोन केला होता. मांडणी करणारा तिचा जुना सोबती, ज्याला सगळे 'पट्टी' म्हणायचे, कारण तो संगणकावरही डोळ्यांनी मापं घ्यायचा, तो जिन्यातच तिची वाट बघत उभा होता. त्यानं इकडे तिकडे पाहिलं आणि म्हणाला, "ताई, मानलं तुम्हाला. परिच्छेद त्यांनी काढला, पण प्रश्न ठेवलात! आता घरोघरी पोरं आईबापांना विचारणार. याला म्हणतात काम." ताई म्हणाली, "अरे, काहीतरीच काय!" तो डोळा मारून म्हणाला, "बरं बरं, मी कुणाला नाही सांगत. तीस वर्षांत तुमच्या हातून स्वाध्याय सुटलेला नाही, तो आत्ताच सुटेल होय? आम्हाला काय कळत नाही?" आणि दिवसभर ताईला जाणवत राहिलं, की लोक तिच्याकडे बघतायत. गणिताच्या टेबलावरच्या बाईंनी, ज्या एरवी मान वर करत नसत, तिच्यासाठी खुर्ची ओढली. पाणी देणाऱ्या मावशींनी ग्लास ठेवताना तिच्या खांद्यावर हात ठेवला. किती बरं झालं असतं, हे खरं असतं तर! क्षणभर तिनं स्वतःलाच पटवून बघितलं. कदाचित आतून, कुठंतरी खोल, तिनं तो ठेवलाच असेल. माणसाचा हात कधी कधी मनाच्या आधी काम करतो. पण नाही. तिला ती दुपार लख्ख आठवत होती. तिनं स्वाध्यायाची फाइल उघडलीच नव्हती. ती टाकीच्या चित्रात गुंग होती. शाळेतल्या पोराला पडतो तितका साधा विसर होता तो. दादावरचा एकच प्रश्न अख्ख्या पुस्तकात, आणि तो आहे हेच ती विसरली होती.

प्रमुख माणूस म्हणून वाईट नव्हते. नुसते दमलेले होते, आणि वरून फोन आला की त्यांना घाम फुटायचा. त्यांनी ताईला बसायला सांगितलं, स्वतः उठून पंखा वाढवला. समोर शुद्धिपत्रकाचा कागद होता. 'पृष्ठ क्रमांक एकोणसाठवरील प्रश्न पाचवा नजरचुकीने समाविष्ट झाला असून तो वगळण्यात यावा.' आठवड्याभरात हे सगळ्या शाळांत जाणार होतं. "ताई," ते कागदाकडे बघत म्हणाले, "बाहेर लोक काय बोलतायत ते माझ्या कानावर आलंय. मला एवढंच सांगा, 'नजरचुकीने' लिहिलंय ते बरोबर आहे ना? नसेल तर तसं बोला. मग मी सही मागणार नाही. मग जे होईल ते आपण बघू. मी काही फार शूर माणूस नाही, पण एवढं करीन." एवढं कुणी ताईला कधी म्हटलं नव्हतं. तिला रडू येईल असं वाटलं. एक शब्द बोलायचा होता, 'मुद्दाम'. तो खोटा होता, पण किती देखणा खोटा! त्या एका शब्दानं बावीस वर्षं धुऊन निघाली असती. तिनं कागद आपल्याकडे ओढला. मग म्हणाली, "नजरचुकीनंच, सर. माझ्याच चुकीनं." आणि सही केली. प्रमुखांनी सुटकेचा श्वास सोडला, आणि थोडे हिरमुसले सुद्धा, असं तिला दिसलं.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा सहा वाजून गेले होते. धाकटा आणि वहिनी अजून कामावरून यायचे होते. चपला काढता काढता तिला आतल्या खोलीतून पुतणीचा आवाज आला. पुतणी आजीच्या पायाशी पलंगावर मांडी ठोकून बसली होती, मांडीवर वही, हातात पेन. "आत्या, बरं झालं आलीस. बाई म्हणाल्या, पुस्तकात नाही तर घरातल्या मोठ्या माणसांना विचारून लिहून आणा. उद्या वर्गात वाचायचंय. आजी सांगतेय." ताई दारातच थांबली. तो प्रश्न आता रद्द झालाय, हे तिच्या जिभेच्या टोकावर होतं. मीच सही करून आले. पण आईचा चेहरा दाराकडे वळला होता, आणि त्या चेहऱ्यावर ताईनं कित्येक वर्षांत न पाहिलेली घाई होती. "ये, बस," आई म्हणाली. "तुलाही माहीत नाहीत काही गोष्टी." ताई पिशवी खांद्यावर तशीच ठेवून खुर्चीच्या कडेला टेकली.

आई सांगू लागली. आधी अडखळत, मग सरळ. सकाळी दादानं दाढी केली नव्हती म्हणून तो बाबांची बोलणी खाऊन बसला होता. निळा सदरा होता, त्याचं वरचं बटण तुटलेलं, तिनं ते आदल्याच दिवशी लावलं होतं, पण काळ्या दोऱ्यानं, घरात निळा नव्हता म्हणून. त्याला सुट्टी होती. तो लोळत पडला होता. "माझी चप्पल पलीकडच्या चांभाराकडे दुरुस्तीला टाकली होती," आई म्हणाली. "चार दिवस झाले होते. मला नव्हती लागत तशी. दुसरी होती मला. पण त्याला लोळताना बघून मला राग आला. म्हटलं, ऊठ, चप्पल घेऊन ये. तो म्हणाला, आई, उद्या आणतो, आज पुलावर गर्दी आहे म्हणतात. मी म्हटलं, तुला निमित्तच पाहिजे. दोनदा म्हणाला उद्या आणतो. मी तोंड सोडलं त्याच्यावर. मग गेला." पुतणी भराभरा लिहीत होती, पेन कागदावर खरखरत होतं. आईचे हात मांडीवर होते, आणि ती एका हाताची बोटं दुसऱ्या हातानं घट्ट धरून बसली होती. "ह्यांना नाही सांगितलं मी कधी. कुणालाच नाही. चप्पल त्याच्या पिशवीतच सापडली होती. म्हणजे येताना लागली गोळी. काम करून परत येत होता. माझं काम." पुतणीनं विचारलं, "आजी, चांभार लिहू की चप्पल दुरुस्त करणारे?" आणि ताई, खाली वहीत बघत असलेली ताई, जिच्या डोळ्यांना पानाचं माप आपोआप दिसायचं, तिनं पाहिलं की दीड पान भरलंय आणि गोळीबार अजून आलेलाच नाही. ती म्हणाली, "अगं, इतकं नाही लिहायचं. चार गुणांचा प्रश्न आहे. ते चपलेचं वगैरे काढून टाक. घटनेपुरतं ठेव, सात-आठ ओळी पुरे."

बोलून झाल्यावर तिला ऐकू आलं, आपण काय बोललो ते. पुतणीचं पेन थांबलं होतं. खिडकीखालून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. आईनं मान हलवली, रागानं नाही, समजून घेतल्यासारखी. "हो, काढ," ती नातीला म्हणाली. "आत्या सांगते तसं कर. तिला सवय आहे." ताई म्हणाली, "आई, मी तसं नव्हते म्हणत..." आई म्हणाली, "असू दे गं. जूनमध्ये पुस्तकं आली त्याच दिवशी मी हिच्याकडून वाचून घेतला होता तो धडा. अख्खा. दोनदा. तिला म्हटलं, आत्याला नको बोलूस. मला वाटलं, तू आपणहून सांगशील. आज सांगेल, उद्या सांगेल. तुझीही काही अडचण असेल म्हणून मी गप्प राहिले." पुतणी दोघींकडे आळीपाळीनं बघत होती, रडवेली झाली होती. ताई खुर्चीवरून उठली आणि पलंगापाशी जमिनीवर बसली, आईच्या गुडघ्याला हात लावून. "आई, चुकलं माझं," ती म्हणाली. "सगळं चुकलं. तू सांग. तू सांगशील ते सगळं लिहू दे तिला. एक शब्द नाही काढणार मी. चप्पल, दोरा, सगळं. पुढे काय झालं? पिशवी कुणी आणून दिली? सांग ना." तिनं पुतणीच्या हातातली वही सरळ केली, पेन तिच्या बोटांत नीट बसवलं. "लिही गं तू. आजी सांगतेय, लिही."

आईनं पाय वर घेतले, चादर चाचपून अंगावर ओढली आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

"मला आता नाही आठवत," ती म्हणाली.